नाव कॉलेजात, पाय वावरात



शाळेतलं लेकरू चार दिवस दिसलं नाही तर गुरुजी घरी येतात, अंगणवाडीताई विचारते, शेजारीण हटकते. कॉलेजातली पोरगी दोन महिने गेली नाही तरी कोणी येत नाही. हजेरीपटावर तिचं नाव असतं, पर्समध्ये ओळखपत्र असतं, आणि ती वावरात कापूस वेचत असते. पाहुण्यांनी विचारलं तर माय सांगते, "बी.ए.ला आहे." खोटं सांगावं असं तिच्या मनात नसतं, तिलाही तसंच वाटत असतं. मग एक दिवस लग्नाच्या बायोडाटात 'बी.ए. अपूर्ण' असं लिहावं लागतं आणि तेव्हा घराला कळतं की शिक्षण सुटलं.

आम्ही उमरखेड तालुक्यात बचत गटांचं काम करतो. गटाच्या बैठकीत कोणाला कशासाठी कर्ज हवं, हे वहीत लिहून घ्यावं लागतं. बी-बियाणं, दवाखाना, शेळी, मुलीची फी. या वह्या वर्षानुवर्षं पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. कॉलेज वर्षभरात केव्हाही सुटत नाही, ते ठरलेल्या वेळी सुटतं. कपाशीवर बोंडअळी कधी येते ते आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण आधीच कामगंध सापळे लावतो. शिक्षण सुटण्याच्या वेळाही तशाच आहेत. वर्षात त्या चार येतात. आज त्या चार वेळा आणि त्यावरचे उपाय बोलू.

पहिली वेळ येते जून-जुलैत. पाऊस पडला की घरातला रोख पैसा मातीत जातो. बियाणं, खत, पेरणीची मजुरी. नेमका त्याच पंधरवड्यात कॉलेजचा प्रवेश असतो. मामा नाही तर आत्या हातभार लावते आणि प्रवेश कसाबसा होतो. पण प्रवेशाची फी हा खर्चाचा एक तुकडा असतो. पुस्तकं, मोबाइलचा रिचार्ज, बाहेरगावी असेल तर खोली आणि डबा, आणि रोजचं येणं-जाणं हे त्याच्या मागून येतं.

येण्या-जाण्याचंच घ्या. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून. बारावी संपली की तो थांबतो. पुढे कॉलेजच्या मुलामुलींना सवलतीचा मासिक पास मिळतो, त्यात भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. मार्च २०२३ पासून बाईमाणसाला अर्धं तिकीट झालं, म्हणून पुष्कळ मुली रोज अर्धं तिकीट काढून जातात. हिशेब मांडला तर पास स्वस्त पडतो. पण पासाला महिन्याच्या सुरुवातीला एकदम पैसे लागतात आणि तेवढेच घरात नसतात. म्हणून ज्या दिवशी पैसे असतील त्या दिवशी कॉलेज, नसतील त्या दिवशी घर. अशी सुरुवात होते.

दुसरी अडचण गाडीची. पैनगंगा अभयारण्याच्या कडेला आपला जो बंदी भाग आहे, तिथल्या मुलींना विचारा. सकाळची गाडी उशिरा आली की पहिले दोन तास गेले. संध्याकाळची चुकली की बाप म्हणतो, "उद्यापासून नको जाऊ." पोरगी हुशार असली तरी शिक्षण फाट्यावर अडतं. यावर एकटीची तक्रार चालत नाही. मुलींची नावं, त्यांचं कॉलेज, तासांच्या वेळा असा अर्ज लिहून, ग्रामसभेचा ठराव जोडून तो उमरखेडच्या आगारात द्यावा आणि पोच घ्यावी. गटातल्या दहा बायका पोच मागायला उभ्या राहिल्या की अर्ज टेबलावर पडून राहत नाही.

दुसरी वेळ सगळ्यात वाईट. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत. आपलं विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचं, अमरावतीचं. त्याची हिवाळी परीक्षा याच सुमाराला असते. आणि वावरात काय असतं? आधी सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. तांड्यावरची काही कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. मग धाकट्या भावंडांकडे आणि म्हाताऱ्या आजीकडे बघायला कोण राहणार? कॉलेजातली पोरगीच. आणि याच दिवसांत परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो. तारीख गेली की विलंब शुल्क, तेही गेलं की सत्र गेलं.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीत वडिलांची कंबर धरली. कापूस फुटून पांढरा झालेला, वेचायला माय एकटी. मुलगी म्हणाली, "पंधरा दिवस वेचू लागते, मग जाते." घरातला चांगला मोबाइल भाऊ पुण्याला घेऊन गेलेला, त्यामुळे फॉर्मची तारीख तिला कळली नाही. बैठकीत त्या ताईंनी कर्ज मागितलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा इतकंच म्हणाल्या, "पोरीचं बंद केलं. वेचायला माणूस नाही."

हे ऐकून आम्हाला एक उमगलं. आपण समजतो की पैसा नसतो म्हणून शिक्षण सुटतं. इथं पैशाइतकीच हातांची अडचण होती. फॉर्म आणि विलंब शुल्क मिळून जे हजार-बाराशे लागत होते, ते गटाने अंतर्गत कर्जातून दिले. पण नुसते पैसे देऊन ती परीक्षेला बसली नसती. म्हणून गटातल्या चौघींनी सावड केली. पेपर होते त्या दिवसांत आळीपाळीने त्यांच्या वावरात कापूस वेचला आणि त्या ताईंनी पुढे त्यांच्या वावरात दिवस फेडले. सावड काही नवीन नाही, आपल्या आज्या करत आल्या. फक्त ती परीक्षेसाठी कोणी केली नव्हती. मुलीचा एक विषय राहिला, पण वर्ष वाचलं. आता ती शेवटच्या वर्षाला आहे.

तिसरी वेळ निकालाची. दहावी-बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी बी.एस्सी.ला जाते आणि सगळी पुस्तकं एकदम इंग्रजीत येतात. वर्गात समजत नाही, विचारायची लाज वाटते. पहिल्या सत्रात दोन-तीन विषय राहतात. घरात आजवर कोणी कॉलेज पाहिलेलं नसतं, त्यामुळे 'नापास' हा एकच शब्द सगळ्यांना कळतो. बाप म्हणतो, "पैसे वाया गेले." मुलगी गप्प बसते.

तेव्हा मायांनो, एवढं लक्षात ठेवा. कॉलेजात विषय राहिला म्हणजे शिक्षण संपलं असं नसतं. राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत पुन्हा देता येतात, त्याला मुलं एटीकेटी म्हणतात. किती विषय राहिले तर पुढच्या वर्गात बसता येतं याचा नियम अभ्यासक्रमाप्रमाणे असतो, तो कॉलेजच्या कार्यालयात विचारावा. आणि मुलीला दोन गोष्टी मिळवून द्याव्यात. एक, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. दोन, गावातली किंवा शेजारच्या गावातली एखादी मोठी पोरगी जी हेच शिकून गेली. आठवड्यातून दोनदा तासभर दोघी बसल्या तरी भीती निम्मी होते.

चौथी वेळ लग्नसराईची. संक्रांत झाली की पाहुणे यायला लागतात. दुसरं वर्ष पार केलेल्या पोरीचं वय वीसच्या घरात आलेलं असतं. कायद्याने लग्न होऊ शकतं, म्हणून कोणी अडवू शकत नाही. बैठकीत पोराकडचे म्हणतात, "आम्ही शिकवू पुढे." हे तोंडी असतं. हळदीची काढणी, लग्न, नवं घर, आणि उन्हाळी परीक्षेची तारीख निघून जाते.

इथे प्रत्येक वेळी यश येतंच असं नाही. एका मुलीचं लग्न तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर ठरलं. आम्ही चार जणी बोलून आलो. दोन्ही घरं चांगली होती, "बघू" म्हणाली. ती पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यात सासरी गेली. आता तिला वर्षाचं बाळ आहे. गेल्या संक्रांतीला माहेरी आली तेव्हा तिने आम्हाला विचारलं, "माझी दोन वर्षं वाया गेली का?" तिच्या गुणपत्रिका मायच्या पेटीत पातळांखाली ठेवलेल्या होत्या. या प्रश्नाचं उत्तर आपण पुढे बघू, कारण तो तिच्या एकटीचा नाही.

आता पोरांबद्दल. पोरगं कॉलेज सोडतं ते दुसऱ्या वाटेने. कोणी पुण्याच्या कंपनीत जातो, कोणी पोलीस भरतीच्या मागे लागतो. शिपायाच्या भरतीला बारावी पुरते, म्हणून त्याला वाटतं की पदवी कशाला? सकाळी पळायला जायचं, दुपारी झोपायचं, कॉलेज नावापुरतं. भरती दरवर्षी निघेलच याचा भरवसा नाही आणि निघाली तरी जागा थोड्या. पदवी हातात असली तर फौजदाराची, लोकसेवा आयोगाची, बँकेची परीक्षा देता येते. पोराला भरतीपासून तोडू नका, पळू द्या. फक्त परीक्षेचा फॉर्म भरून घ्या. दोन्ही सोबत चालतं.

या चार वेळांवर सरकारी मदत आहे का? आहे, पण तिची गाठ आपल्या घराशी पडत नाही. एकेक सांगतो.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. एकदा भरला म्हणजे तीन वर्षांची सोय झाली असं नाही, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पुष्कळ मुलांची शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षाला इथेच तुटते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं हे मे महिन्यातच तयार ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते. आणखी एक सांगतो, याने घरात भांडणं झालेली आम्ही पाहिली आहेत. काही शिष्यवृत्त्यांत कॉलेजच्या फीचे पैसेही आता थेट मुलांच्या खात्यात येतात आणि मुलांनी ते कॉलेजात भरायचे असतात. खात्यात रक्कम दिसली की घराला वाटतं आपलीच आहे, आणि ती खतात जाते. मग फी थकते, मुलगी तोंड चुकवते आणि कॉलेजला जाणं बंद करते. ते पैसे फीचे आहेत, हे घरात आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ. नर्सिंग, फार्मसी, इंजिनीअरिंगसारख्या शिक्षणात हा मोठा आधार आहे. पण खोली, डबा आणि गाडीभाडं त्यात येत नाही. आपल्याकडून यवतमाळ शंभर किलोमीटरहून लांब, अमरावती त्याहून लांब, नांदेड त्या मानाने जवळ. कुठेही गेलं तरी राहण्याचा खर्च आलाच.

त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी, भटके-विमुक्त मुलांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आणि नोंदणी झालेल्या मजुराच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आदिवासी मुलांची चौकशी पुसदच्या प्रकल्प कार्यालयात करावी, बाकीची यवतमाळला. अटी आणि रकमा बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षाची विचारून घ्यावी.

पंजाबरावांचं नाव त्या योजनेला उगीच दिलेलं नाही. पापळसारख्या खेड्यातून ते शिकले आणि अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय चालवलं. गावाकडच्या पोराला शाळा मिळाली तरी रात्री झोपायला जागा आणि दोन वेळची भाकर मिळाली नाही तर तो परत जातो, हे त्यांनी ओळखलं. तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढलं. मुलांच्या जेवणाला पैसे उरले नाहीत तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आणि ज्यांच्या नावाचं आपलं विद्यापीठ, त्या गाडगेबाबांचं सांगणंच होतं की जेवायचं ताट मोडावं लागलं तरी चालेल, लेकरांचं शिक्षण मोडू नका. या तिघांनीही भाकरीपासून सुरुवात केली.

आणि शेजाऱ्यांचं काय? महात्मा फुल्यांचं शिक्षण मधेच बंद झालं होतं, हे किती जणींना माहीत आहे? लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी जोतीबांना शाळेतून काढून शेतीकामाला लावलं. शेजारचे गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघांनी वडिलांची समजूत घातली, म्हणून १८४१ मध्ये ते पुन्हा शाळेत गेले. दोन शेजारी बोलायला गेले नसते तर आपल्या शाळेचं काय झालं असतं, मैत्रिणींनो? कॉलेजातल्या पोरीसाठी घरी येणारं कोणी नसतं असं आपण सुरुवातीला म्हणालो. ते शेजारी आता आपल्यालाच व्हायचं आहे.

आता त्या मुलीचा प्रश्न. दोन वर्षं वाया गेली का? नाही. जुन्या पद्धतीने शिकलेल्या मुलीने गुणपत्रिका घेऊन आपल्या कॉलेजात जावं आणि पदवी पूर्ण करायला विद्यापीठाची मुदत किती उरली आहे ते विचारावं. मुदत संपली असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ पासून घर, काम आणि लेकरं सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच चालतं. आमच्या त्या मुलीला आम्ही हीच वाट सांगितली आहे, तिच्या नवऱ्यालाही सांगितली आहे.

नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे शिकणाऱ्या मुलांना आणखी एक सोय आहे. मिळवलेले क्रेडिट म्हणजे गुणांची शिल्लक एका ऑनलाइन खात्यात जमा होते, अगदी आपल्या बचतीसारखी. ठरलेली क्रेडिट आणि एक छोटा कौशल्याचा अभ्यास पूर्ण करून एका वर्षानंतर थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत ती शिल्लक वापरून पुढे शिकता येतं. म्हणून मुलीचं ते खातं उघडलं आहे का, एवढं विचारा. पण थांबता येतं म्हणून थांबवू नका. तीन वर्षं सलग झालेली बरी.

बाळंतपणासाठी शिक्षण सोडावं लागतं असंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे की विद्यार्थिनींना प्रसूती रजा आणि हजेरीत सवलत देण्याचे नियम करावेत. कॉलेजात अर्ज देऊन विचारायला हरकत नाही. आणि मुलीने शिक्षण सोडलं तरी तिची मूळ कागदपत्रं कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत, हेही आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

आता काम सांगतो, ते एका पानाचं आहे. गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या दहा-बारा घरांतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची नावं लिहा. समोर चार रकाने आखा: जुलैमध्ये प्रवेश, पास आणि शिष्यवृत्तीचा अर्ज झाला का. ऑक्टोबरमध्ये परीक्षेचा फॉर्म भरला का, आणि पेपरच्या दिवसांत वावरात कोण जाणार. निकालानंतर कोणते विषय राहिले. संक्रांतीनंतर लग्नाची बोलणी चालू आहेत का, आणि उन्हाळी परीक्षेचं काय ठरलं.

त्या त्या महिन्याच्या बैठकीत तेवढा एक रकाना वाचायचा. दहा जणींनी महिन्याला शंभर रुपये बचत केली तर वर्षाला बारा हजार होतात. परीक्षेचा फॉर्म आणि पास यासाठी त्यातले दोन-तीन हजार बाजूला ठेवायचे आणि त्यावर व्याज घ्यायचं की नाही हे गटाने ठरवायचं. आमच्या काही गटांनी फॉर्मच्या पैशावर व्याज न घेण्याचं ठरवलं. आजवर त्यातला एकही हप्ता बुडाला नाही.

विचारताना आवाज मात्र चौकशीचा नको. "कॉलेज का सोडलं?" म्हटलं की पोरगी आत जाते. "फॉर्मची तारीख कधी आहे गं?" म्हटलं की ती थांबते आणि बोलते. या महिन्याच्या बैठकीला जाताना वही, पेन आणि हा एक प्रश्न सोबत न्या. तुमच्या पानावर किती नावं आली ते आम्हाला जरूर कळवा.